मीठ बघायचं काम

समोरचा माणूस पोटभर जेवला की नुसता ताटावरून उठला, हे मला लांबूनही ओळखता येतं, असा माझा दावा होता. सत्तावीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सुपरवायझर म्हणून काढल्यावर असा एखादा दावा बाळगायला हरकत नसावी. पण रेणुका नावाच्या एका सात महिन्यांच्या गरोदर मुलीने, माझ्याशी एक शब्दही न बोलता, तो खोटा ठरवला. झालं ते बरंच झालं. फक्त मला ते कळायला फार उशीर लागला, आणि त्याची लाज अजून वाटते.

लग्न होऊन मी मिरजेहून बेंगळुरात आले. यजमान संशोधन संस्थेत, मी कॅन्टीनमध्ये. सासरी सुरुवातीला हे कुणाला रुचलं नाही. शिकलेली सून हजार माणसांचा भात शिजवून घेते म्हणजे काय. पण मला ते काम मनापासून आवडायचं. कामगारांना जेवण वेळेवर, गरम आणि पुरेसं मिळालं की कारखाना शांत असतो, हे वरच्या साहेबांनाही पक्कं ठाऊक होतं. एकदा युनियनवाले माझ्या टेबलावर दोन मेदूवडे ठेवून बसले. एक जुना, एक आजचा. त्यांचं म्हणणं, वड्याचं भोक मोठं झालंय, म्हणजे पीठ कमी झालंय. मी गंभीरपणे पट्टी मागवली आणि मोजलं. भोक खरंच मोठं होतं. आचाऱ्याच्या अंगठ्याला भाजलं होतं, म्हणून तो दोन बोटांनी भोक पाडत होता. आचाऱ्याचा अंगठा बरा होईपर्यंत कामगारांनी दीड-दीड वडा घ्यावा असा तह झाला.

हसण्यासारखे प्रसंग पुष्कळ, पण एक तसा नाही. एका टर्नरने सकाळचा उपमा गुपचूप डब्यात भरला, दिवसभर डबा सायकलला उन्हात लटकत राहिला, आणि संध्याकाळी तो त्याने पोरांना खायला घातला. तिन्ही पोरं दवाखान्यात. चौकशी माझी झाली. पोरं वाचली, माझी नोकरीही वाचली, पण त्या दवाखान्यातल्या खाटा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या नाहीत. त्या दिवसापासून माझा नियम झाला, कॅन्टीनचं अन्न कॅन्टीनमध्येच खायचं. डबा दिसला की मी उघडून बघायची. माझ्या पाठीमागे मला काय म्हणत असतील ते मी कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर चार महिने मी घरी बसले आणि यजमानांच्या ताटावर लक्ष ठेवू लागले. त्यांनीच मला बाहेर पिटाळलं. आमच्या सोसायटीत नागपूरची मृण्मयी राहते, महादेवपुऱ्यातल्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात रोज किती तरी अन्न उरतं आणि कचऱ्यात जातं, याचं तिला फार वाईट वाटायचं. तिच्या ओळखी, माझा अनुभव आणि नागराज अण्णांचा टेम्पो, एवढ्या भांडवलावर आमचं काम सुरू झालं. नागराज अण्णा जन्माने के. आर. पुरमचे. होसकोट्याच्या रस्त्याला कुठल्या तळ्याच्या कडेला कुठली निळ्या ताडपत्रीची वस्ती आहे, हे त्यांना पोस्टमनपेक्षा जास्त माहीत.

उरलेलं अन्न वाटणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. काउंटरवर मांडलेलं आम्ही घेत नाही. मागे मोठ्या भांड्यात राहिलेलंच घेतो. झाकणावर खडूने शिजल्याची वेळ लिहायची. प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा मी खाणार. डाळ आणि दही सगळ्यात आधी आंबतं, नारळाच्या चटणीवर तर मी सख्ख्या बहिणीच्या घरीही विश्वास ठेवत नाही. अडीचला उचललेलं साडेचारला वाढलंच पाहिजे. देणारेही नाना तऱ्हेचे. एका ऑफिसात आरोग्य सप्ताह होता, तेव्हा आम्हाला पाच डबे भरून कच्ची पानं आणि ऑलिव्ह मिळाले. पानं वस्तीतल्या शेळीने आवडीने खाल्ली. ऑलिव्ह तिनेही तोंडातून बाहेर काढले. एका गृहस्थांना मुलाच्या वाढदिवसाला वस्तीतल्या पोरांनी रांगेत उभं राहून गाणं म्हणावं असं वाटत होतं. मी त्यांना सांगितलं, आधी त्यांना जेवू द्या, मग ज्याला गावंसं वाटेल तो गाईल. कुणालाच वाटलं नाही.

तळ्याकाठच्या ज्या वस्तीबद्दल मी सांगते आहे, तिथली माणसं उत्तर कर्नाटकातल्या यादगीरकडची. इथल्या उंच इमारतींच्या बांधकामांवर कामाला आलेली. तिथली पुढारीण बसम्मा. पन्नाशीची, उभी-आडवी, आवाज लाऊडस्पीकरचा. तरुणपणी ऊसतोडीला सोलापूरकडे जायची, त्यामुळे मराठी बोलायची, आणि माझ्याशी मुद्दाम मराठीतच बोलायची. मला तिने पहिल्याच दिवशी नाव दिलं, क्यांटीन अक्का. रेणुका तिची धाकटी सून. सातवा लागल्यावर साइटवरचं काम सोडून वस्तीत राहिलेली. बारीक अंगाची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. तिचा आवाज मी दोन आठवड्यांत ऐकला नव्हता.

वस्तीतही मी माझा नियम लावला. आमचं अन्न आमच्यासमोर खायचं, ताटली परत द्यायची, झोपडीत काही न्यायचं नाही. कुणी रात्रीसाठी झाकून ठेवलं आणि पोरं आजारी पडली तर काय, या विचाराने मला त्या दवाखान्यातल्या खाटा पुन्हा दिसायच्या. मी रांगेच्या शेवटी उभी राहायची आणि प्रत्येकाचा हात तोंडाकडे जातो की नाही ते बघायची. वहीत नावापुढे खूण. रेणुकाच्या नावापुढे रोज खूण होती.

एक दिवस तिथली आशा कार्यकर्ती मला रस्त्यात भेटली. म्हणाली, रेणुकाचं रक्त फार कमी झालंय, वजन वाढतच नाही, ती जेवत नाही. मला रागच आला. मी वही उघडून दाखवली. रोज आपल्या हाताने वाढते, रोज ताटली रिकामी परत येते. आशाताईने वही बघितली आणि शांतपणे म्हणाली, "अक्का, वजन वहीत बघून होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी रेणुकाला नीट बघितलं. म्हणजे, आधी जिथे उभी राहायची तिथून दहा पावलं बाजूला सरकून बघितलं. ती पाठमोरी बसली होती. मांडीवर जावेचं तीन वर्षांचं पोर. समोर दहा हातांवर बाजेवर तिचा सासरा मल्लप्पा, परांचीवरून पडून कंबर धरलेली, म्हणून दिवसभर तिथेच. रेणुका घास करायची, बोटं पदराआड तोंडाशी न्यायची, आणि हात खाली आला की घास तसाच असायचा. तो पोराच्या तोंडात जायचा. पुन्हा घास, पुन्हा तोंडाशी, पुन्हा पोराला. अख्खी ताटली तिने अशी रिकामी केली. शेवटी ताटली ठेवायला आली तेव्हा तिने माझ्याकडे बघून पोट भरल्यासारखी मान हलवली.

ती खाण्याचं सोंग करत होती, आणि ते सोंग माझ्यासाठी होतं. मी समोर उभी होते म्हणून.

मी तडक बसम्माला गाठलं. आवाज चढवूनच विचारलं, पोरगी उपाशी आहे हे मला का सांगितलं नाही. बसम्माचा आवाज मात्र पहिल्यांदाच खाली होता.

"अक्का, तू चांगली हायस. पन तू पोलिसावानी हुबी ऱ्हातीस. म्होरं सासरा, डोक्यावर तू. उघड्यावर कशी खाईल ती? आमच्यात बाप्ये जेवल्याबिगर सुना खात न्हाईत. आत न्यायचं म्हनलं तर तूच नगं म्हनलीस."

"मग मला तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं आन् तू गाडी बंद केली असती तर? बाकीची पोरं जेवत्यात की."

सत्तावीस वर्षांत युनियनने मला वड्यांची भोकं मोजायला लावली, घोषणा दिल्या, पण मला घाबरून कुणी उपाशी राहिलं नव्हतं. इथे एक सासू सुनेची भूक आणि वस्तीतल्या सगळ्या पोरांची भूक दोन हातांत तोलत होती, कारण झारा माझ्या हातात होता.

चूक कळली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. नियम मोडायचा नाही आणि पोरगी जेवलीही पाहिजे, म्हणून मी अक्कल लढवली. रेणुकाला टेम्पोत बसवायचं, मागचा पडदा सोडायचा, आत तिने निवांत खायचं. नागराज अण्णा नको म्हणत होते. पहिल्याच दिवशी टेम्पोभोवती वीस पोरं जमली, आत काय विशेष वाढलंय ते बघायला. एकाने पडदा वर केला. आत रेणुका ताटली मांडीवर घेऊन रडत बसली होती. मल्लप्पाने बाजेवरून काय झालं म्हणून विचारलं, आणि त्याला काय सांगावं ते कुणालाच सुचेना. शिवाय त्या दिवशी ताटलीत पनीरची गोड भाजी होती. बसम्मा मला मागाहून म्हणाली, की त्या वासानेच तिला मळमळतं. म्हणजे मी तिला सगळ्यांदेखत कोंडून, तिला न सोसणारं खायला घातलं होतं.

त्याच संध्याकाळी बसम्माने मला झोपडीसमोर बसवलं आणि तिला हवं होतं ते बोलली. "आमाला शिजवलेलं नगं. जोंधळं द्या, डाळ द्या. चूल हाय, हात हायती. काय शिजवायचं, कवा खायचं, ते आमी बघतो."

मला ते लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिजवून वाढलेल्या बाईला कुणी तुझं शिजवलेलं नको म्हटलं की लागतंच. मी मृण्मयीकडे जाऊन तक्रार केली. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती मात्र म्हणाली, "मावशी, राग नका मानू. पण अ‍ॅक्च्युअली आपण त्यांची भूक भागवतोय, की माझ्या ऑफिसचं उरलेलं संपवतोय?"

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, चल, जोंधळ्याचं बघू.

आधी रेशन. बसम्माच्या घराचं कार्ड गावचं, पण राज्यातल्या कुठल्याही दुकानात धान्य मिळायला हवं, असा नियमच आहे. के. आर. पुरमजवळच्या एका दुकानदाराने मात्र तिला दोनदा गावाला जा म्हणून हाकललं होतं. या वेळी आम्ही आठ बायका गेलो आणि नागराज अण्णा. अण्णांनी आपल्या मऊ, अत्यंत सभ्य कन्नडमध्ये दुकानदाराला विचारलं, की गावाला जायचं भाडं तुम्ही देणार का, की रेशन ऑफिसातल्या साहेबांना फोन लावू? दुकानदार सरी, सरी, म्हणजे बरं, बरं म्हणत अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र घेऊन बसला. पण यंत्राला बसम्माचा अंगठा ओळखेना. सिमेंट कालवून कालवून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या. दुकानदाराने स्वतःचा अंगठा टेकवून यंत्र चालू असल्याचं दाखवलं. चूक आपल्याच बोटांची आहे असं वाटून बसम्मा हात पदराला पुसत राहिली.

मी घरी नेऊन तिचे हात कोमट पाण्यात बुडवून ठेवले आणि आठवडाभर रोज खोबरेल चोळायला लावलं. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बायकांच्या हातांना आम्ही हेच करायचो. पुढच्या खेपेला एकेक करत नऊ बोटं टेकवून झाली. दहावं, डाव्या हाताचं करंगळीशेजारचं, यंत्राने घेतलं. बसम्माने ते बोट डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "ह्यानं म्यां कवा काम केलं न्हाई. म्हनून ते जित्तं ऱ्हायलं." सगळ्या हसल्या, दुकानदारही हसला. मला मात्र हसू आलं नाही.

रेशनचा तांदूळ मिळाला. जोंधळे, तूरडाळ, शेंगदाणे आणि गूळ यासाठी मी आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या मागे लागले, मृण्मयी तिच्या ऑफिसातल्यांच्या. ऑफिसातलं उरलेलं आता एका सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना देतो. ते तिथेच उभ्याउभ्या खातात आणि पनीर मागून घेतात. ज्याचं त्याला मिळालं, एवढंच.

वस्तीच्या मागच्या बाजूला बायकांनी एक सामायिक चूल मांडली. तीन बाजूंनी ताडपत्री, चौथ्या बाजूला जुनी साडी. पण माझी खरी काळजी तशीच होती. धान्य आलं, चूल आली, तरी पुरुष साडेसहानंतर येणार, आणि ते जेवल्याशिवाय रेणुका खाणार नाही. तिचा आठवा सरत आला होता. मी बसम्माला पुन्हा पुन्हा टोचत होते, की ही पद्धत मोड, तिच्या सासऱ्याला सांग, तिच्या नवऱ्याला सांग. ती नुसती बघते बघते म्हणायची. मला वाटायचं, हिला सुनेपेक्षा रीत प्यारी.

तिने काय केलं ते मला चार दिवसांनी समजलं. सगळ्या वस्तीसमोर तिने जाहीर केलं, की आजपासून चुलीवरचं मीठ बघायचं काम रेणुकाचं. कालवणात मीठ बरोबर आहे का, भाकरी नीट भाजली का, डाळ शिजली का, हे पुरुष घरी यायच्या आत कुणीतरी खाऊन बघायलाच हवं. चुलीपाशी बसलेल्या बाईने चव बघणं हे जेवणं नव्हे. त्याला कुठल्या रीतीची आडकाठी नव्हती, सासऱ्याची नव्हती, आणि रेणुकाची स्वतःचीही नव्हती, जी सगळ्यात मोठी होती. मी कॅन्टीनमध्ये इतकी वर्षं पहिला चमचा खाल्ला, पण हे मला सुचलं नाही.

रेणुकाला पुढे मुलगी झाली, वजनाने चांगली, आणि आईसारखी अजिबात अबोल नाही. पण मला शेवटी सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

एके दिवशी साडेचारच्या सुमाराला मी शेंगदाण्याची पिशवी घेऊन वस्तीत गेले. चुलीकडून भाकरीचा वास येत होता. मी साडीचा पडदा सारून आत जाणार, तोच बसम्मा मध्ये आली आणि तिने मला बाहेरच्या दगडावर बसवलं. आत मीठ बघणं चाललं होतं. ताटलीचा आवाज येत होता, कांदा फोडल्याचा आवाज आला. बराच वेळ झाला. मल्लप्पाने बाजेवरून कन्नडमध्ये विचारलं, आज मीठ बघायला इतका वेळ का लागतोय? बसम्मा म्हणाली, जास्त झालं तर तुम्हीच ओरडता, नीट बघू दे तिला. म्हाताऱ्याने कूस बदलून तोंड पलीकडे केलं. मला वाटतं, त्याला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं.

माझ्या मनात सारखं येत होतं, की उठावं आणि एकदा पडद्याच्या फटीतून बघावं, किती खाल्लंय ते. जुनी खोड. मी पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसले.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "अत्ती, इन्नोंदु रोट्टी." सासूबाई, अजून एक भाकरी.

बसम्मा हातातलं टाकून उठली. पडद्यापाशी जरा थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस न्हवं, अक्का?"

मी ऐकलं म्हणाले. ती आत गेली, आणि भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. रेणुकाला पोटभर जेवताना मी अजूनपर्यंत एकदाही पाहिलेलं नाही.